नव्या माणसाची जुनी दरी

परदेशातून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे एक तोंडी परीक्षा द्यावी लागते. आमच्या वाड्याची जागा आता चौमजली इमारतीने घेतली असली तरी परीक्षक तेच आहेत. "काय काय पाहिलंत?" हा पहिला प्रश्न. "कोलोनचं मोठं देऊळ पाहिलंत? ऱ्हाइन नदीतून बोटीनं गेलात?" हे उपप्रश्न. आम्ही देऊळही पाहिले आणि बोटीतही बसलो, त्यामुळे इथवर आम्ही उत्तीर्ण होतो. पण मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो की, सगळ्यांत चांगली पाहिली ती एक गुहा, आणि ती गुहा आता तिथे नाही. त्याबरोबर परीक्षकांनी आमच्या सौ.कडे अशा काही सहानुभूतीने पाहिले की मी विषय बदलून जर्मन बटाट्यांवर आलो.

पण ती गुहा खरोखरच तिथे नाही, आणि ती पाहायला खरोखरच जगभरची माणसे येतात. तिची हकिगत सांगायची तर थोडे आमच्या घरातलेही सांगावे लागेल. दिवाळीच्या अंकात दुःखाचे बोलू नये म्हणतात. तरी वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

आमची लेक आणि जावई ड्युसेलडॉर्फला असतात. लेक तिथल्या एका प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते. आपली मुलगी रोज सकाळी डबा घेऊन विषाणूंकडे जाते ही कल्पना तिच्या आईला पहिल्यापासून पसंत नाही. पण आता नात आठ वर्षांची झाली, तेव्हा आईचा विरोध मावळून त्याची जागा बेसनाच्या लाडवांनी घेतली आहे. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो ते तिघे : मी, सौ. आणि माझ्या वहिनी.

वहिनी येतील असे कुणालाच वाटले नव्हते. माझे थोरले बंधू, आमचे दादा, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. त्यानंतर तीन वर्षे वहिनी पुण्याबाहेर पडल्या नव्हत्या. एकाच घरात वरच्या मजल्यावर ते आणि खालच्या मजल्यावर आम्ही, असा आमचा चाळीस वर्षांचा संसार. दादा चौऱ्याहत्तरचे, मी अडुसष्टचा. दोघेही एकाच आठवड्यात आजारी पडलो. मला दोन दिवस ताप आला, तोंडाची चव गेली आणि तिसऱ्या दिवशी मी अंथरुणावर बसून मुगाची खिचडी बेचव आहे म्हणून तक्रार करीत होतो. दादा पाचव्या दिवशी धापा टाकू लागले. खाट मिळेपर्यंत एक रात्र गेली, प्राणवायू मिळेपर्यंत आणखी अर्धा दिवस, आणि अकराव्या दिवशी एका रुग्णालयातून फोन आला. त्या महिन्यात महाराष्ट्रात असा फोन आला नाही अशी घरे थोडीच असतील, म्हणून अधिक लिहीत नाही.

पुढे महिन्याभराने वहिनींनी मला एकदाच विचारले, "भाऊजी, तुम्ही दोघं एका आईचे. एका घरातलं अन्न खाल्लंत. मग ह्यांनाच का?" मला उत्तर आले नाही. आणि उत्तर न येण्याचे खरे कारण मी कुणालाच सांगितले नव्हते. ते पुढे येईलच.

ड्युसेलडॉर्फ हे शहर ऱ्हाइनच्या काठी असले तरी नाव ऱ्हाइनचे लावीत नाही. ड्युसेल नावाची एक एवढीशी नदी तिथे ऱ्हाइनला मिळते, तिच्या नावावरून गावाचे नाव पडले. नदी म्हणायचे ते सौजन्य म्हणून. आपल्याकडे अशा प्रवाहाला ओढा म्हणतात आणि पावसाळ्यापुरतीच त्याची दखल घेतात. पण मोठ्या घरात एखादी बारीकशी आजी सगळ्यांना दटावून असते, तसा या ओढ्याचा मान मोठा आहे. ही ड्युसेल पूर्वेच्या टेकड्यांतून येते, आणि शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर एका दरीतून वाहते. तीच ती निअँडरची दरी. जर्मन भाषेत दरीला 'थाल' म्हणत. या थालमध्ये सापडला म्हणून तो 'निअँडरथल' मानव.

रविवारी सकाळी आम्ही लोकल गाडीने निघालो. अर्ध्या तासाच्या आत उतरण्याचे स्थानक आले. स्थानकाचे नावच 'निअँडरथल'. नातीने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "आजोबा, इथं गुहेतली माणसं उतरायची का?" डब्यातल्या एका म्हातारबोवांना मराठी येत नसूनही हसू आले. 'थाल' या शब्दातला 'ह' जर्मन लोकांनी १९०१ च्या लेखनसुधारणेत काढून टाकला, पण स्थानकाच्या आणि संग्रहालयाच्या पाटीवर तो अजून जुन्या इमानाने उभा आहे. शुद्धलेखनाचे वाद आपल्याकडेच होतात असे मला वाटत असे. तो गैरसमज दूर झाला.

या दरीला निअँडर हे नाव मिळाले त्याची कथा मजेदार आहे. सतराव्या शतकात योआखिम निअँडर नावाचा एक तरुण ड्युसेलडॉर्फच्या शाळेचा प्रमुख होता. तो धर्मोपदेशक होता आणि भक्तिगीते रचीत असे. तो या दरीत येऊन बसे, लोकांना जमवून प्रार्थना करी. १६८० साली, अवघ्या तिसाव्या वर्षी तो वारला. त्याची गीते आजही ख्रिस्ती देवळांतून गायिली जातात, आणि पुढे दरीला त्याचे नाव पडले. आता गंमत पाहा. त्याचे मूळ आडनाव निअँडर नव्हतेच. घराण्याचे साधे जर्मन आडनाव नॉयमान, म्हणजे 'नवा माणूस'. त्या काळी विद्वान घराण्यांत आडनावाचे ग्रीक भाषांतर करण्याची टूम होती, तशी त्याच्या आजोबांनी करून घेतली. नॉयमानचे निअँडर झाले. पुढे ज्या दरीत जगातला सगळ्यांत गाजलेला जुना माणूस सापडायचा होता, तिचे नाव आधीच 'नव्या माणसाची दरी' होऊन बसले होते.

त्या काळची दरी आता राहिलेली नाही. तेव्हा ती चुनखडीच्या खडकांतली अरुंद घळ होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांत गुहा, मधून धबधबे. ड्युसेलडॉर्फच्या कलाशाळेचे चित्रकार येऊन तिची चित्रे काढीत. ती चित्रे उरली, दरी गेली. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांना आणि इमारतींना चुना हवा होता. सुरुंग लागले आणि कडे गाड्यांत भरून गेले. आज तिथे सपाट हिरवळ आहे, झाडी आहे, कडेने ड्युसेल वाहते आहे. मुळशीच्या बाजूला सहलीला गेल्यासारखे वाटते. पुढे एका कुंपणात हिमयुगाची आठवण म्हणून युरोपातले रानगवे आणि जुन्या वळणाचे घोडे पाळले आहेत. तेही रविवारच्या गर्दीकडे पाठ करून शांतपणे चरत होते.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये फेल्डहोफर नावाच्या लहानशा गुहेतली माती उपसताना मजुरांना हाडे लागली. अस्वलाची असावीत असे वाटून ती बाजूला टाकली गेली. पण जवळच्या एल्बरफेल्ड गावी योहान कार्ल फुलरोट नावाचे एक शाळामास्तर होते, त्यांना निसर्गशास्त्राचा नाद. हाडे त्यांच्याकडे गेली. मास्तरांनी कवटीचा वरचा भाग हातात घेतला, भुवयांच्या जागी आलेले जाड कंगोरे पाहिले आणि ओळखले, हे अस्वल नव्हे, माणूस आहे. पण आपल्यासारखा नव्हे. बॉनचे प्राध्यापक शाफहाउझेन त्यांच्या मदतीला आले आणि १८५७ साली दोघांनी हे विद्वानांपुढे मांडले.

विद्वानांनी काय केले? विद्वान नेहमी करतात तेच. नाही म्हणाले. एक म्हणाले, हा नेपोलियनच्या पाठलागावर आलेला, हाडे वाकलेला कोणी रशियन कोसॅक घोडेस्वार असावा. फिरखोव्ह नावाचे मोठे नामांकित वैद्यकशास्त्रज्ञ म्हणाले, हा रोगाने हाडे बिघडलेला आपल्यापैकीच एक माणूस. डार्विनचा ग्रंथ निघायला अजून दोन-तीन वर्षे होती. १८६४ साली विल्यम किंग यांनी या माणसाला स्वतंत्र जातीचे नाव दिले, तेव्हा त्या नावात ही दरी कायमची बसली. शाळामास्तरांचे म्हणणे बरोबर ठरले, पण ते सर्वमान्य झालेले पाहायला १८७७ साली वारलेले मास्तर राहिले नाहीत. मी स्वतः तीस वर्षे शाळेत शिकवले असल्यामुळे या ठिकाणी वाचकांपेक्षा किंचित जास्त वेळ थांबलो. सौ.ने बाही ओढल्यावर पुढे निघालो.

संग्रहालय १९९६ साली बांधलेले आहे. आत उताराची वाट गोल गोल चढत जाते आणि माणसाची कथा सांगत राहते. एके ठिकाणी चक्क सुटाबुटातला एक निअँडरथल उभा केला आहे. वहिनींनी त्याला न्याहाळून पाहिले. "आपल्या बँकेतले जुने मॅनेजर नव्हेत का हे?" त्या म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून आलेली ती पहिली थट्टा. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि मी सौ.कडे. कुणी काही बोललो नाही.

मूळची हाडे तिथे नाहीत, ती बॉनच्या संग्रहालयात आहेत. ती सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची. १९९७ साली स्वांते पेबो या स्वीडिश शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या दंडाच्या हाडाचा लहानसा तुकडा घेऊन त्यातून डीएनए वाचून दाखवला. निअँडरथल माणसाचा डीएनए वाचण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी आणि पुन्हा २००० साली दोन जर्मन संशोधकांनी खाणवाल्यांनी फेकलेली जुनी माती शोधून काढली. तिच्यातला हाडाचा एक तुकडा १८५६ च्या मांडीच्या हाडाला नेमका जाऊन बसला. दीडशे वर्षे दुरावलेले एकाच माणसाचे दोन तुकडे! गुहा कुठे होती हे तेव्हा कुठे नक्की कळले.

आता दिवाळीच्या अंकात थोडे शास्त्र. घाबरू नये. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर लेकीने वहिनींना जे सांगितले तेच मी सांगणार आहे, आणि वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत.

लेक म्हणाली, "काकू, आपल्या शरीरात एक जनुक आहे. त्याचं नाव ओएएस-१. जनुक म्हणजे एक पाककृती समजा. या पाककृतीवरून शरीर एक विकर तयार करतं, आणि ते विकर म्हणजे पेशीतला पहारेकरी."

"गुरखा," वहिनी म्हणाल्या.

"गुरखाच. विषाणू पेशीत शिरला की आपल्या नकला काढायला लागतो. नकला काढताना त्याच्या आरएनएच्या दोन पदरी दोऱ्या तयार होतात. आपल्या स्वतःच्या पेशीत तसला लांब दोन पदरी आरएनए सहसा नसतो. म्हणून तो दिसला की गुरखा ओळखतो, चोर शिरला. पण गुरखा स्वतः मारामारी करत नाही. तो भराभर चिठ्ठ्या लिहितो. त्या चिठ्ठ्या दुसऱ्या एका विकराला जागं करतात, आणि ते उठलं की कात्री घेऊन घरातला आरएनए कापत सुटतं. चोराचाही कापतं आणि घरचाही."

"घरचाही?"

"घरचाही. म्हणजे स्वयंपाकच बंद. चोराला जेवायला मिळू नये म्हणून आपलीच चूल विझवायची."

वहिनींनी मान हलवली. हे धोरण त्यांना समजले. नको असलेला पाहुणा उठत नसला म्हणजे घरात काय करतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

या गुरख्याचा शोध लागला तो लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत. १९५७ साली तिथे ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू घातला. त्यातून निघालेले पाणी ताज्या पापुद्र्याला दिले, तर त्याच्यात खरा विषाणू वाढेना. म्हणजे गाठ पडलेली पेशी शेजारणींना दवंडी देते. त्या दवंडीला त्यांनी 'इंटरफेरॉन' म्हटले. दवंडी ऐकून शेजारणी काय करतात, याचा उलगडा पुढे होत गेला. त्याच संस्थेत १९७८ साली इयान कर आणि ब्राउन यांनी गुरख्याच्या त्या चिठ्ठ्या ओळखल्या. दवंडी आली की पेशी गुरखे वाढवते, असा हा सगळा बंदोबस्त आहे.

"पण गुरखा सगळ्यांचा सारखा नसतो," लेक पुढे म्हणाली. "एका प्रकारच्या गुरख्याला एक शेपूट असतं, त्याला स्निग्ध पदार्थाचा कण चिकटतो. त्याच्या जोरावर तो पेशीतल्या पडद्यांना धरून बसतो. कोरोनाचा विषाणू बरोबर तिथंच, पडद्यांच्या आड लहान लहान खोल्या करून लपतो. दुसऱ्या प्रकाराला शेपूट नाही. तो नुसता मोकळ्या जागेत हिंडतो."

"म्हणजे गुरखा माजघरात हवा, अंगणात नको," वहिनी म्हणाल्या.

आमची लेक क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, हे एवढं एक वाक्य मला गेल्या वर्षीच्या व्याख्यानात सुचायला हवं होतं."

आता या शेपटाची वंशावळ ऐका. मूळचा गुरखा शेपटाचाच. आफ्रिकेत तो पुष्कळ लोकांत अखंड राहिला. पण आफ्रिकेतून बाहेर पडून जगभर पसरलेल्या आपल्या पूर्वजांत शेपटाचा प्रकार जवळजवळ हरवला. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी त्यांची गाठ निअँडरथल माणसांशी पडली, आणि सोयरीक झाली. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकाच्या अंगात आज एक ते दोन टक्के वारसा त्या सोयरिकीचा आहे. निअँडरथलांनी शेपटाचा गुरखा सांभाळून ठेवला होता. तो बाराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यावर बसून आपल्याकडे परत आला. पणजीने गहाण टाकलेल्या पाटल्या चार पिढ्यांनी सुनेच्या माहेरून परत याव्यात, तसा प्रकार. २०२१ साली ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवले की, हा तुकडा ज्याच्याकडे आहे त्याला कोरोनात अतिदक्षता विभागात जावे लागण्याची शक्यता सुमारे बावीस टक्क्यांनी कमी होते. पुढे आफ्रिकी वंशाच्या लोकांतही शेपटाचा गुरखा तसाच उपयोगी पडतो असे दिसले, तेव्हा खरे श्रेय शेपटाचे हे पक्के झाले. पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक चमत्कार. घोड्याच्या नालेसारखे नाक असलेली वटवाघळे असतात. त्यांच्यात कोरोनाच्या घराण्यातले विषाणू राहतात. त्या वटवाघळांच्या गुरख्याचे शेपूट कोट्यवधी वर्षांपूर्वीच गेलेले आहे. ज्या घरात माजघरात गुरखाच नाही, त्या घरात वाढलेल्या चोराला गुरख्याला चुकवायची विद्या शिकावी लागली नसेल, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

इथवर सगळे छान होते. पण वहिनींनी लेकीला विचारले, "मग ते सोयरे नुसतं चांगलंच देऊन गेले?"

लेकीने एकदा माझ्याकडे पाहिले. मग सरळ सांगितले. त्याच निअँडरथलांकडून तिसऱ्या गुणसूत्रावर दुसरा एक तुकडा आला आहे, आणि तो उलटा आहे. तो असला तर कोरोना बळावण्याचा धोका वाढतो. युरोपात तो शंभरांत सोळा-एक जणांकडे आहे. आपल्या भारत-बांगलादेशाच्या बाजूला जवळजवळ निम्म्या लोकांकडे. आणि तोच तुकडा एड्सच्या विषाणूची लागण होण्याचा धोका मात्र कमी करतो, असे २०२२ साली दिसून आले.

"आईबापांकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन दोन प्रती असतात," ती म्हणाली. "मुलाला त्यातली एकेकच मिळते, तीही मिसळून. एका भावाला जे येतं ते दुसऱ्याला येईलच असं नाही."

वहिनी बराच वेळ ताटातल्या भाताची शिते गोळा करीत होत्या. मग म्हणाल्या, "वाटणीच झाली म्हणायची. एकाला विहीर, एकाला कर्ज."

"काकू, दादाकाकांच्या वाटणीला काय आलं होतं हे कुणी तपासलेलं नाही. आणि त्यांचं वय होतं, साखर होती. ती कारणं या तुकड्यांपेक्षा कितीतरी मोठी. हे सगळं हजारो लोकांचा हिशेब केल्यावर दिसतं. एका माणसाबद्दल ते काही सांगत नाही."

रात्र अशी संपली होती.

संग्रहालयातून बाहेर पडून काही मिनिटे चालले की गुहेची जागा येते. २०२२ च्या डिसेंबरपासून तिथे एक मनोरा उभा आहे, बावीसेक मीटर उंच. गुहा कड्यात जेवढ्या उंचीवर होती, तेवढ्या उंचीवर माणसाला नेऊन उभे करायचे एवढेच त्याचे काम. कडा नाही, गुहा नाही. चुन्याबरोबर दोन्ही गेले. तुम्ही हवेत उभे राहता आणि हवेकडे पाहता.

सौ. आणि नात खाली ड्युसेलच्या काठी थांबल्या. लेक-जावई त्यांच्याबरोबर. मी आणि वहिनी हळूहळू वर गेलो. वारा होता. वहिनींनी पदर खोचला आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. "इथं राहत होता का तो?" त्या म्हणाल्या. मी म्हटले, "हो. आणि तो एकटाच नव्हता. दुसऱ्या एका माणसाचीही हाडं सापडली आहेत." त्या म्हणाल्या, "बरं झालं. एकटा नव्हता."

का कोण जाणे, त्या वाक्याने माझ्या घशात तीन वर्षे अडकलेले बाहेर पडले. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही विचारलं होतंत, ह्यांनाच का. मी बोललो नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी, बारा एप्रिलला, मी मंडईत गेलो होतो. गर्दी होती. चौथ्या दिवशी मला ताप आला आणि नंतर दादांना. घरात दुसरं कुणी बाहेर पडलं नव्हतं. घरात आणला तो मी."

वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्हाला ताप आला त्या दिवसापासून. भाऊजी, तुम्ही मंडईत कशाला गेला होतात?"

"गुढीची गाठी आणायला."

"कुणी सांगितलं होतं?"

मला एकदम आठवले. आठवले म्हणजे विसरलो नव्हतोच, पण त्या बाजूने कधी पाहिले नव्हते. मी जिन्यात चपला घालीत होतो. वहिनी वरून म्हणाल्या होत्या, "गाठीशिवाय कसली गुढी? तेवढी आणाच." दादा आतून म्हणाले होते, "राहू दे गं यंदा." आणि मी गेलो होतो.

"ह्यांनी नको म्हटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी हट्ट केला. तीन वर्षं मी तुमच्यासमोर बसून जेवते आहे, आणि रोज वाटतं, आज भाऊजी म्हणतील, तुम्हीच पाठवलंत. तुम्ही काही म्हणत नव्हता. मला वाटायचं, मोठेपणानं गप्प आहात."

मी मोठेपणाने गप्प नव्हतो. भीतीने होतो. तसे मी त्यांना सांगितले. त्यावर आम्ही दोघेही काही वेळ त्या नसलेल्या गुहेकडे पाहत राहिलो. खाली नात ओढ्यात खडे टाकीत होती, आणि "आजोबा, इथं मासा आहे!" म्हणून ओरडत होती.

मला त्या दिवशी उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. माझ्या अंगात शेपटाचा गुरखा आहे की नाही हे मला ठाऊक नाही, आणि रक्त तपासून घ्यायची इच्छाही नाही. निघाला तर दादांपुढे संकोच वाटेल आणि न निघाला तर कोडे तसेच राहील. पण एक झाले. गाठी आणणारा मी आणि गाठी मागणाऱ्या वहिनी, यांच्यापलीकडे पन्नास हजार वर्षांची एक वाटणी चालू होती. तिच्यात आमचे मत कुणी विचारले नव्हते. आमचा वाटा होता, तो नाकारत नाही. पण सगळाच आमचा नव्हता.

उतरताना वहिनींनी माझा हात धरला. गुडघे दुखतात म्हणून, असे त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत नातीने विचारले, "काकूआजी, काय होतं वर?" वहिनी म्हणाल्या, "काही नव्हतं ग. पण बघून आलो."

दादा गेल्यावर पहिले वर्ष सण झालेच नाहीत. पुढल्या पाडव्यांना गुढी उभी राहिली, पण कडुनिंब आणि फुलांवर. गाठी नसे, आणि नाही म्हणून कुणी बोलत नसे. २०२५ साली पाडवा तीस मार्चला आला. आदल्या दिवशी सकाळी मी जिन्यात चपला घालीत होतो. वरून आवाज आला, "भाऊजी, मंडईत जाताय ना?"

"जातोय."

"मग गाठी आणा."

मी दोन आणल्या. एक गुढीला घातली. दुसरी आम्ही लेकीकडे पार्सलने पाठवली. ती पोचली तेव्हा नातीने फोनवर सांगितले की साखरेचा चुरा झाला आहे, पण चव चांगली आहे.